पंच नसलेला खेळ

आपल्याकडे खेळ म्हटला की आधी पंच लागतो. पंच नसेल तर भांडण लागते. आणि भांडणही झाले नाही तर खेळ म्हणावा तसा रंगला नाही असे आपण समजतो. विटीदांडूच घ्या. विटी टोलावली, ती लांब जाऊन पडली, की टोलावणारा गडी आपल्या अंदाजाने आकडा मागतो. समोरच्याला तो पटला तर ठीक. नाही तर तो दांडू घेऊन जमीन मोजत निघतो, आणि मापात एक दांडू जरी कमी भरला तरी मागणारा बाद. गावोगाव नियम थोडे वेगळे असतील, ‘वकट, लेंड, मूंड’ हे तेलुगू वळणाचे आकडे कुठे म्हणत असतील, कुठे नसतील. पण सगळ्या व्यवहाराचा पाया एकच, तो म्हणजे समोरचा गडी फसवणार हे धरून चालणे. गल्लीतल्या क्रिकेटात तर फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच पोरगा पंच असतो, आणि तो आपल्या माणसाला बाद देईल अशी अपेक्षा कोणी करत नाही. एवढे असूनही या खेळांनी आपल्याला बेइमान केले असे मला वाटत नाही. उलट, समोरच्याची लबाडी पकडण्यात जे एक निरोगी सुख आहे, ते आम्हां मराठी माणसांच्या वाट्याला लहानपणीच भरपूर आले.

गोल्फ हा खेळ याच्या बरोबर उलट टोकाला आहे. तिथे प्रत्येक फटक्यापाशी पंच उभा नसतो. आपण किती फटके मारले हे आपणच मोजायचे, नियम मोडला तर आपणच सांगायचे आणि दंडही आपणच आपल्याला लावून घ्यायचा. मोठ्या स्पर्धांत तुमचा आकडा दुसरा एक खेळाडू कागदावर लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. पण तोही पन्नास पावलांवर आपलाच चेंडू शोधत असतो. झुडपामागे तुम्ही काय केले ते तुम्हाला आणि झुडपाला ठाऊक.

मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मराठी शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा गोल्फशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला माझ्या भाच्यामुळे. मेव्हणे बदली होऊन नागपुरात आले, आणि कचेरीतल्या ओळखीने त्यांनी मुलाचे नाव मे महिन्यातल्या एका गोल्फ शिबिरात घातले. सुट्टी मला, त्यामुळे भाच्याला पहाटे मैदानावर पोहोचवण्याचे आणि परत आणण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. २०१३ साली याच महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दुपारी रस्ते ओस पडतात, खिडक्यांत कूलरच्या ताट्या घरघरतात, आणि जुना माणूस बाहेर पडताना अजूनही खिशात कांदा ठेवतो. अशा गावात उन्हाळी शिबिर म्हणजे सगळा कारभार सकाळी आठच्या आत. पावणेसहाला मुले जमत. आठपासून चौदापर्यंतच्या वयाची वीसबावीस मुले, डोक्याला टोप्या, हातात त्यांच्या उंचीला बेतलेल्या काठ्या. गवत पिवळे पडलेले, मधूनमधून बाभळी. उन्हाच्या मुलखातल्या पुष्कळ जुन्या मैदानांवर भोकाभोवती हिरवळ राखणे परवडत नाही. तिथे तेल घालून दाबलेली वाळू असते आणि तिला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ म्हणतात. हे मला तिथेच कळले, आणि फार आवडले. साहेबाचा खेळ असला म्हणून काय झाले, त्यालाही आमच्या उन्हापुढे रंग बदलावा लागला.

शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, शांत. पहिला आठवडा त्यांनी मुलांना काठी नुसती धरायला शिकवली. चिमणीचे पिल्लू धरावे तशी धरा, आवळली तर मरेल, सोडली तर उडेल, असे ते सांगत. मग उभे राहणे, खांदे वळवणे, नजर चेंडूवर ठेवणे. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसते आणि भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे वाटीएवढा. एवढीशी वस्तू एवढ्याशा जागेत घालण्यासाठी माणसाने चारशे-पाचशे पावले चालावे, हे लांबून पाहणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. पण मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. शिकवण्याचा बराच भाग हात-पाय-खांद्यांचा नव्हताच. दुसरा मारत असताना बोलू नये, त्याच्या डोळ्यांसमोर हलू नये, आपल्या काठीने उखडलेली माती परत दाबावी, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येताना आपली पावले दंताळ्याने पुसावीत, आणि भोक पूर्ण झाले की आपले फटके खरे खरे लिहावेत. आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला यातले निम्मेही शिकवले जात नाही, आणि जे शिकवले जाते ते फळ्यावर शिकवले जाते.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाने भोक पूर्ण करून ‘सात’ असे सांगितले. मी उगाच बसलेला असल्यामुळे मोजत होतो. माझ्या हिशेबी ते नऊ होते. शिक्षकांनीही मोजले असावेत. ते रागावले नाहीत. म्हणाले, “चल, जिथून सुरुवात केलीस तिथे जाऊ. प्रत्येक फटका जिथे मारलास तिथे उभा राहून मला सांग.” दोघे चालत निघाले. एक, दोन, तीन. बाभळीपाशी मुलगा थांबला. तिथे त्याची काठी दोनदा नुसती हवेतून फिरली होती. चेंडू जागचा हलला नव्हता.

“चेंडू हललाच नाही नं सर. मग फटका कसा?”

“चेंडूला लागावी म्हणून फिरवलीस का काठी?”

“सराव करत होतो.”

“दोन्ही वेळा?”

मुलगा गप्प राहिला. मग म्हणाला, “एकदा.”

“मग आठ,” असे म्हणून त्यांनी आठ लिहिले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मी तिथेच बाकावर बसून राहिलो आणि त्या आठाचा विचार करू लागलो. गोल्फचा नियम असा आहे की चेंडू मारण्याच्या इराद्याने काठी फिरवली की तो फटका, मग चेंडू लागो की हुको. इरादा नसेल तर तो सराव, आणि सराव मोजायचा नाही. आता बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत तसूभर फरक दिसत नाही. तीच काठी, तेच खांदे, तीच हवा. फरक आहे तो फक्त फिरवणाऱ्याच्या मनात. म्हणजे मी मोजलेले नऊही खात्रीचे नव्हते. त्या मुलाचा खरा आकडा किती, हे जगात एकालाच ठाऊक होते, आणि कदाचित त्यालाही नव्हते. कारण हुकल्यानंतर ‘मी तर सरावच करत होतो’ असे माणूस स्वतःलाही किती पटकन पटवतो, हे तुम्ही-आम्ही सगळे जाणतो. आयुष्यातल्या निम्म्या हुकलेल्या फटक्यांना आपण मागाहून सराव म्हणत आलो आहोत.

या खेळातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट याच जातीची आहे. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्सचा चेंडू उंच गवतात होता. तो काठी टेकवत असताना चेंडू किंचित हलला, असे त्याने सांगितले. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला, आणि त्याने एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी होऊन पुन्हा सामना झाला आणि तो एका फटक्याने हरला. लोकांनी वाहवा केली तेव्हा तो वैतागला. दरोडा घातला नाही म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटते का, असा त्याचा सूर होता. हे वाचायला छान वाटते. पण त्याच्या या वैतागात एक मोठा हक्क गृहीत धरलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला काही दिवस जावे लागले. आपण खरेच बोलणार हे सगळ्यांनी मानून चालावे, असा तो हक्क. तो प्रत्येकाला मिळतो का?

त्याकडे वळण्याआधी आणखी दोन हकीकती सांगतो, कारण ‘कोणी पाहत नसताना’ ही कल्पना आपण समजतो तेवढी सरळ नाही. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विचेंझोने सतराव्या भोकावर तीन फटके घेतले. लोकांनी ते पाहिले, दूरचित्रवाणीवरही दिसले. त्याच्या मार्करने मात्र चुकून चार लिहिले आणि दे विचेंझोने न पाहता कागदावर सही केली. नियम असा की खऱ्यापेक्षा जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्तीचा आकडाच कायम. बरोबरीची संधी गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. इथे सगळे जग साक्षीला होते आणि साक्ष उपयोगी पडली नाही. सही तेवढी खरी ठरली. दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. २०१७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन ही तरुण खेळाडू आघाडीवर असताना तिला सांगण्यात आले की तुला चार फटके दंड आहे. आदल्या दिवशी तिने चेंडू उचलून परत ठेवताना तो किंचित वेगळ्या जागी ठेवला होता, आणि ते घरी बसून दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कोणा प्रेक्षकाने पत्र पाठवून कळवले होते. ती बरोबरीपर्यंत आली आणि हरली. यावर इतका गदारोळ झाला की १ जानेवारी २०१८ पासून प्रेक्षकांच्या असल्या तक्रारी घेणेच बंद झाले.

आपण यावर हसू नये. आपण तर चित्रगुप्तालाच जन्मभराचा मार्कर नेमून ठेवले आहे. एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांची उपनिषदातली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. थोर लोकांनी त्यातून जे काढायचे ते काढले आहे. माझी शंका साध्या मास्तराची आहे. तो पाहणारा पक्षी आत असावा अशी आपली इच्छा. पण आपण त्याला बाहेर, भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात कॅमेरा म्हणून टांगत सुटलो, तर आतला पक्षी हळूहळू डोळे मिटून घेणार नाही का?

ही शंका मला दरवर्षी मार्च महिन्यात येते. दहावीच्या परीक्षेला दारात मुलांची झडती होते. खिसे, कंपास, कधी बूटमोजे. मग भरारी पथक येते, मग कॉपीमुक्तीची शपथ होते. मी पर्यवेक्षक म्हणून उभा असतो आणि समोरची मुले मला पाठ आहेत. कोण जन्मात कॉपी करणार नाही आणि कोण संधी मिळाली तर सोडणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. झडती दोघांचीही सारखीच होते. पहिल्या प्रकारचा मुलगा हात वर करून उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे मी बघत नाही. झडती नको म्हणावे तर कॉपी होते, हे मी जाणतो. कॉपी होते म्हणून झडती, आणि झडतीच होणार आहे तर आपण पकडले न जाणे एवढाच आपला धर्म, असे पोरे समजून चालतात. या गिरणीत आधी कोणता दाणा पडला ते आता शोधून सापडायचे नाही.

आता त्या मैदानावरची दुसरी मुले. गोल्फच्या मैदानावर थैली वाहणारा कॅडी असतो आणि लांब गेलेले चेंडू गोळा करणारी पोरे असतात. त्या शिबिरातही पाचसहा होती, जवळच्या वस्तीतली, सोळा-सतराची. मुलांनी चेंडू मारायचे आणि यांनी प्लास्टिकच्या टोपल्या घेऊन वेचायचे. कोणी पाहत नसताना यांतला एखादा हाताला येईल ती काठी घेऊन असा फटका मारी की शिबिरातल्या मुलांनी तोंडात बोट घालावे. यात नवल काही नाही. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना म्हणतात; तिथल्या हिरवळीची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकली. कुंपणाच्या आत पाहत पाहत शिकलेली ही माणसे.

बाभळीच्या प्रसंगाच्या वेळी यांतलाच एक पोरगा जवळ उभा होता. मी त्याला नंतर सहज विचारले, “काय रे, आठ की नऊ?”

तो हसला. “मले कायले विचारता जी? कागद त्याईचा, आकडा त्याईचा.”

आठ वाजले की शिबिरातली मुले मोटारींकडे पळत. वेचणारी पोरे फाटकापाशी रांगेत उभी राहत आणि पहारेकरी त्यांचे खिसे चाचपून पाही. रोज. त्यात रागाचे, अपमानाचे काही नव्हते. पहारेकरीही त्यांच्याच वस्तीतला, गप्पा मारत चाचपायचा. चेंडू चोरीला जातात आणि बाहेर विकले जातात, ही गोष्टही खोटी नाही. चालकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच आठवड्यात धुण्याच्या वेळी माझ्या भाच्याच्या विजारीच्या खिशांतून तीन चेंडू निघाले. बहीण हसली, मेव्हणे हसले, भाचाही हसला. “अगं, राहून गेले,” म्हणाला. राहून गेलेच असतील. मीही हसलोच. फाटकातल्या त्या पोराच्या खिशातून तीन चेंडू निघाले असते तर ते ‘राहून गेले’ असते का, हा विचार मला रात्री गच्चीवर उकाड्यात पडल्या पडल्या आला आणि मग झोप आली नाही.

एकाच मैदानावर, एकाच सकाळी, काही मुलांना ‘तुझा आकडा तू लिही’ असे सांगितले जाते आणि काहींना ‘हात वर कर’. पहिल्यांना सचोटी शिकवली जाते, दुसऱ्यांची तपासली जाते. तपासणे हे शिकवणे नव्हे, हे मास्तरकी करणाऱ्याला तरी कळायला हवे. आणि बारकाईने पाहिले तर तपासणी तरी कुठे बरोबर ठिकाणी होते? शिबिरातल्या मुलाने नवाचे सात केले तर त्याचे काही जात नाही. वेचणाऱ्या पोराने एक चेंडू खिशात घातला तर त्याचे काम जाते, म्हणजे मोह त्याला मोठा आणि शिक्षाही त्यालाच मोठी. तरी महिनाभरात त्यांच्यातल्या एकाच्याही खिशातून काही निघालेले मी पाहिले नाही. यावर कोणी म्हणेल, निघाले नाही कारण झडती होती. असेल. झडतीचा हाच तर दोष आहे की ती माणसाची सचोटी सिद्ध होण्याची वाटच बुजवून टाकते. प्रामाणिक राहिलास तरी श्रेय फाटकाला.

मी शिक्षकांना म्हटले, “शेवटच्या दिवशी सामना आहे ना? या पोरांना मार्कर करा. ती मोजतील.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, मुलांना चालेल. मुलांच्या आईबापांना विचारावं लागेल.” ते त्यांनी विचारले की नाही, मला कळले नाही. सामना झाला तेव्हा मुलांनी एकमेकांचे आकडे लिहिले. पोरे टोपल्या घेऊन लांब उभी होती.

विश्वास हा सचोटीचे बक्षीस की सचोटीचे खत? बक्षीस म्हटले तर तो आधी कमवावा लागतो, आणि ज्याचे खिसे रोज चाचपले जातात त्याने तो कमवायचा कसा? खत म्हटले तर तो आधी घालावा लागतो, आणि काही वाया जाणार हे धरून घालावा लागतो. शेतकरी तसेच करतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण लेख लिहून दुसऱ्या बाजूचा होणे ही दिवाळी अंकात फार स्वस्त गोष्ट आहे, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर सातवीच्या वर्गात मी एक प्रयोग सुरू केला. दर शनिवारी श्रुतलेखन, वीस गुण. मी शब्द फळ्यावर लिहीन. आपली वही आपण तपासायची, चुकेल तिथे एक गुण वजा, आकडा आपणच टाकायचा. मी वर्गात फिरणार नाही.

महिनाभराने वह्या घरी आणून पाहिल्या. काहींनी स्वतःला गुण जास्त दिले होते. ते अपेक्षित होते, आणि माझ्या समजुतीपेक्षा ती मुले थोडी निघाली. बहुतेकांनी बरोबर दिले होते. अपेक्षित नव्हते ते असे की चार मुलींनी स्वतःला कमी दिले होते. अठराचे पंधरा, सतराचे चौदा. र्‍हस्व-दीर्घ बरोबर असूनही त्यावर लाल रेघ मारून गुण कापला होता. गोल्फच्या नियमाप्रमाणे पाहिले तर आपल्या तोट्याच्या आकड्यावर सही केली की तोच कायम, म्हणजे दे विचेंझोसारखे मीही ते तसेच ठेवायला हवे होते. ते मला जमले नाही. मी एकीला बोलावले, वही पुढे ठेवली आणि शिबिरातल्या त्या शिक्षकांनी केले तसे एकेक शब्दावर बोट ठेवून तिला मोजायला लावले. ‘परीक्षा’ बरोबर होते. ‘विश्रांती’ बरोबर होते. मोजून सतरा झाले.

“मग चौदा का गं टाकलेस?”

ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, “तुम्ही नंतर तपासाल तेव्हा काढालच नं सर. म्हणून मीच आधी काढले.”